सल्ला हवा: फ्रान्समध्ये शेतं, गावं आणि किल्ले दिसतील अशी गोल पायवाट (ऑक्टोबर, सोबत आई)

आयंडहोव्हनवासी

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही चौघं नेदरलँड्सहून गाडीने फ्रान्सला जायचं म्हणतोय. मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेली माझी आई. आई सदुसष्टची आहे. रोज पर्वती चढायची, आता गुडघ्यामुळे उतार नको म्हणते. सपाटीवर मात्र आमच्यापेक्षा पुढे असते.

पॅरिस बघून झालंय. आता रांगा, तिकिटं, कानाला यंत्र लावून दालनं फिरणं नको आहे. एक पूर्ण दिवस चालायचं, शेतांमधून जायचं, दोन-तीन गावं लागावीत आणि किल्ले लांबून दिसावेत. आत गेलो नाही तरी चालेल. वाट गोल हवी, म्हणजे गाडी ठेवली तिथेच परत येता येईल. फ्रेंच आम्हाला "बोंजूर"च्या पुढे येत नाही.

आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. तर कुठे जावं, कुठली वाट घ्यावी, आणि ऑक्टोबर बरा की वाईट?

मेधा_नांत

लुआर. विचारायचंच काम नाही. शांबोर, शनोंसो, व्हिलांद्री, उसे, सगळं सपाटीवर आहे आणि आईंच्या गुडघ्यांना काही त्रास नाही. नदीकाठी सायकलमार्ग आहे, त्यावर चालताही येतं. तुम्हाला तिथून गाडीने जवळही पडेल.

गडमाची

मेधाताईंशी आदरपूर्वक असहमत. लुआरचे ते राजवाडे आहेत. सुंदर आहेत, पण बहुतेक बागेच्या भिंतीआड किंवा झाडीत, आणि नदीकाठचा सायकलमार्ग पायी चालायला कंटाळवाणा होतो. अनुभव आहे. धागाकर्तीला किल्ले लांबून बघायचेत. त्यासाठी दोर्दोन्य नदीचं खोरं, पेरिगोर प्रांत, सार्ला गावाच्या दक्षिणेचा पट्टा. मी तुलूझला राहतो, त्यामुळे तिकडे जाणं-येणं असतं. जरा सविस्तर लिहितो.

या पट्ट्यात नदी मोठी वळणं घेत जाते. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे आणि मधे सपाट गाळाची जमीन. उत्तर काठावर बेनाकचा किल्ला, नदीपासून सरळ दीडशे मीटर उंच कड्यावर. त्याच्या समोर, दक्षिण काठावर, जिथे सेऊ नावाची छोटी नदी दोर्दोन्यला मिळते तिथे टेकडीवर कास्तेलनो. मधे फेराक, आणि थोडं खाली मिलांद. चारही एकाच दिवसात, पायी, दिसतात. शतवार्षिक युद्धात, म्हणजे १३३७ ते १४५३, बेनाक फ्रेंचांच्या बाजूला आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे. दोन्ही गडांवरचे पहारेकरी रोज एकमेकांचा धूर बघत असणार. १४४२ मध्ये वेढा घालून फ्रेंच राजाच्या सैन्याने कास्तेलनो घेतला तेव्हा हा प्रकार संपला.

वाट अशी घ्या. गाडी कास्तेलनोच्या तळाला ठेवायची. गावातून चढून किल्ल्याच्या बाजूने वर पठारावर. ओकचं जंगल, मधे मधे अक्रोडाच्या बागा, एखादी मोकळी शेती. मग पश्चिमेकडे मिलांदला उतरायचं. तिथून नदीकडच्या सपाटीवर येऊन शेतरस्त्यांनी आणि थोडं छोट्या डांबरी रस्त्याने फेराकवरून परत कास्तेलनो. फाटे कसे घेता त्यावर बारा ते चौदा किलोमीटर, चढ मिळून अडीचशे-तीनशे मीटरच्या आसपास. तेरा वर्षांच्या पोराला काहीच नाही.

दिशा मात्र हीच ठेवा, उलटी नको. ऑक्टोबरात सकाळी या खोऱ्यात नदीचं धुकं भरलेलं असतं, दहा-अकरापर्यंत खाली काही दिसत नाही. त्या वेळात तुम्ही पठारावर असाल, धुक्याच्या वर, उन्हात. दुपारी नदीकाठी याल तेव्हा खोरं मोकळं झालेलं असेल. बेनाकचा कडा दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि तुम्ही दक्षिण काठावरून बघणार, म्हणजे ऊन थेट किल्ल्यावर. तो चुनखडीचा दगड दुपारी मधासारखा पिवळा होतो. बेनाकच्या आत जाऊन बेनाक दिसत नाही, फक्त कास्तेलनो दिसतो. माझं स्पष्ट मत आहे की या खोऱ्यातले किल्ले समोरच्या काठावरून बघायचे असतात.

आईंसाठी: पहिला चढ आणि मिलांदचा उतार त्यांना नको. तुमच्यापैकी एकाने त्यांना गाडीने मिलांदला न्यावं. तिथली बाग आणि शिकारी पक्ष्यांचा खेळ बघत त्या दोन तास सहज काढतील. मग तिथून सगळ्यांनी मिळून नदीकाठचा भाग चालायचा. गाडी आणायला नंतर कुणीतरी परत जावं, नाहीतर टॅक्सी.

उंडारू

गडमाचीशी सहमत, एक पुरवणी. ऑक्टोबर म्हणजे शिकारीचा हंगाम. सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत. रानडुक्कर आणि छोटी हरणं यांची हाका घालून शिकार होते, आणि ती बरोबर त्या ओकच्या जंगलात होते. घाबरायचं कारण नाही, पण चौघांनाही नारिंगी जाकीट किंवा टोपी घ्या. कुठल्याही खेळसामानाच्या दुकानात सायकलस्वारांचं मिळतं ते चालतं. हाका चालू असेल तर शिकारी रस्त्याच्या तोंडाला फलक लावतात, "शास आं कूर" असं लिहिलेलं. तो दिसला तर सरळ मागे फिरायचं किंवा तिथे उभ्या नारिंगी कोटवाल्याला हातवारे करून विचारायचं. हे लोक बहुधा प्रेमळ असतात, वाट दाखवतात, एखादा ओतून प्यायलाही देईल. शनिवार-रविवार टाळलात तर उत्तम.

आयंडहोव्हनवासी

बापरे, एवढं! धन्यवाद गडमाची, उंडारू. शिकारीचं डोक्यातच नव्हतं. मुलगा मात्र हे वाचून अचानक सहलीला तयार झालाय.

प्रश्न: एक, वाटेवर खुणा असतात का, की फोनवरच चालायचं? दोन, मिलांद म्हणजे ती नर्तकी राहायची तेच का? आईने कुठेतरी वाचलंय. तीन, आईने खायचं काय?

सदूकाका

मिलांदबद्दल मी सांगतो. हो, जोसेफिन बेकर. जन्म १९०६, अमेरिकेत सेंट लुईसचा. पॅरिसमध्ये नाव झालं. हा किल्ला त्यांनी १९३७ मध्ये भाड्याने घेतला आणि १९४७ मध्ये विकत घेतला. युद्धात त्या फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी काम करत होत्या. पुढे वेगवेगळ्या देशांतली बारा मुलं दत्तक घेतली आणि सगळ्यांना इथे वाढवलं. पैसा पुरला नाही. १९६९ मध्ये त्यांना इथून बाहेर काढलं. २०२१ च्या नोव्हेंबरात फ्रान्सने त्यांना पांथेऑनमध्ये, म्हणजे पॅरिसमधल्या राष्ट्रीय स्मारकात, मान दिला, तिथे स्थान मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

वास्तू मात्र त्यांच्या खूप आधीची. १४८९ मध्ये बांधली, कारण कास्तेलनोच्या धन्याच्या बायकोला त्या जुन्या गडावर राहायचं नव्हतं. खिडक्या मोठ्या, उजेड भरपूर. तटबंदीचा काळ संपून घराचा काळ सुरू झाला तो एकाच वाटेवर पायी चालून बघता येतो, ही या फेरीची खरी गंमत आहे. कास्तेलनोपासून निघायचं आणि मिलांदला पोचायचं.

कास्तेलनोच्या आत मध्ययुगीन युद्धाचं संग्रहालय आहे, १९८५ पासून. तुमच्या मुलाला तिथे न्याच. दगड फेकणारी मोठी लाकडी यंत्रं पुन्हा बांधून आवारात उभी केली आहेत. आपल्या बऱ्याच गडांच्या गोष्टी तोफा-बंदुकांच्या काळातल्या, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना बुरूज म्हटलं की तोफ आठवते. तोफ नसताना भिंत कशी पाडत हे बघणं त्याला नवं असेल.

अजून एक जुनी गोष्ट. १२१४ मध्ये सिमों द मोंफोर या सरदाराने एकाच मोहिमेत दोम, मोंफोर, कास्तेलनो आणि बेनाक घेतले. कास्तेलनोचा धनी कॅथार, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाचा, म्हणून त्याच्यावर विशेष राग.

नकाशेबाज

खुणांबद्दल. फ्रान्समध्ये खुणा चांगल्या आहेत, फक्त रंग ओळखायला शिका. एक पिवळा पट्टा म्हणजे स्थानिक छोटी वाट, बहुतेक गोल. पांढरा-लाल जोडपट्टा म्हणजे जीआर, लांब पल्ल्याची वाट. जीआर ६४ याच भागातून जाते, त्यामुळे मधे मधे पांढरा-लालही दिसेल, गोंधळू नका. पिवळा-लाल म्हणजे एखाद्या प्रदेशाभोवतीची मोठी फेरी. पट्ट्याला खाली कोपरा वळवलेला असेल तर त्या बाजूला वळा. दोन पट्टे फुलीसारखे काढलेले असले की ती वाट तुमची नाही.

दोर्दोन्य जिल्ह्यात नाक्यांवर लाकडी खांब असतात, त्यावर ठिकाणाचं नाव आणि पिवळी खूण. त्या खांबांचा फोटो काढत चला, परत वाट शोधायला बरं पडतं.

नकाशा म्हणजे आयजीएनचा (फ्रान्सची सरकारी नकाशासंस्था) १:२५०००, निळ्या मुखपृष्ठाचा. कागदी घ्या, गावातल्या कागद-पुस्तकांच्या दुकानात मिळतो. फोनवर आयजीएनचं ॲप आहे, आणि विझोरांदो हे फ्रेंच भटक्यांचं संकेतस्थळ आहे, त्यावर कास्तेलनो टाकलंत की गोल वाटांची यादीच येते. मार्ग फोनमध्ये आधी उतरवून ठेवा. सेऊच्या खोऱ्यात रेंज जाते.

पाण्याची एक सोय बऱ्याच जणांना माहीत नसते. गावाच्या दफनभूमीत नळ असतो. फुलझाडांना घालायला ठेवलेला, पण बहुतेक वेळा गावच्या पाणीपुरवठ्याचाच. "नों पोताब्ल" असं लिहिलेलं असेल तर पिऊ नका. आईंना हे पटेल की नाही ते तुम्ही बघा.

आयंडहोव्हनवासी

आईला विचारलं. ती म्हणाली, मी घरूनच बाटली नेईन.

फोडणी

खाण्यावर मी लिहिते, कारण पेरिगोर म्हणजे शाकाहाऱ्यांची सत्त्वपरीक्षा. तिथे बदक आणि हंस हाच धर्म आहे. ज्या शेतांमधून जाल त्यातला मका मुख्यतः त्यांच्याच पोटात जातो. आईंना आधी सांगून ठेवा, रस्त्यात "फ्वा ग्रा"च्या शेतांचे फलक लागतील. पक्ष्यांना नळीने खायला घालून फुगवलेलं त्यांचं यकृत, तो प्रकार. ज्यांना त्रास होतो त्यांनी आत जाऊ नये.

धोक्याच्या जागा: सार्लाच्या पद्धतीचे बटाटे. दिसायला लसूण-पार्सलीतले साधे काप, पण तळलेले बदकाच्या चरबीत. लसणाचं सूप, त्यातही तीच चरबी. "पेरिगोर सॅलड" यात पक्ष्याचं काळीज-पेट असतं. म्हणजे नावात भाजी असली तरी विचारायचं. "सां व्यांद, सां ग्रेस द कानार, सां झ" हे कागदावर लिहून घ्या: मांस नको, बदकाची चरबी नको, अंडं नको.

मिळतं काय? अक्रोड! पेरिगोरच्या अक्रोडाला २००२ पासून संरक्षित नाव आहे, आणि ऑक्टोबर म्हणजे ताजा अक्रोड बाजारात. ओला, मऊ, सालीची कडवट पापडी सोलून खायचा. अक्रोडाचं तेल कोशिंबिरीवर. सार्लाजवळ सेंत-नातालेन गावात पाण्यावर चालणारी जुनी तेलाची घाणी आहे, आईंना नक्की आवडेल. सार्लाचा मोठा बाजार शनिवारी, छोटा बुधवारी सकाळी. तिथे एका जुन्या चर्चमध्ये मंडई भरते, प्रचंड मोठी धातूची दारं आहेत, वास्तुकार जाँ नुव्हेल.

बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज, रोकामादूर, चविष्ट आहे. पण पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये बहुतेकदा वासरा-करडाच्या पोटातून काढलेलं रेनेट (दूध फाडायचं विरजण) असतं, आईंना ते चालतं का विचारा. केकमध्ये अंडं असणारच.

चालण्याच्या दिवशी सरळ डबा न्या. दशम्या, चटणी, गुळाची पोळी. वाटेवर जेवण मिळेल या भरवशावर राहू नका. गावातली हॉटेलं बारा ते दोन जेवण देतात आणि दोन वाजून पाच मिनिटांनी स्वयंपाकघर बंद. ऑक्टोबरात काही उघडतच नाहीत. बेकरी सोमवारी किंवा रविवारी दुपारी बंद.

आणि एक विनंती. अक्रोडाच्या बागेतून जाताना खाली पडलेले अक्रोड मुलाला उचलू देऊ नका. कुणाच्या तरी वर्षाचं पीक आहे ते.

पोरगं_नाशिकचं

फोडणीताईंच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडून शंभर मार्क. आमची द्राक्षं आहेत दिंडोरीकडे, लोक गाड्या थांबवून घड तोडतात तेव्हा काय वाटतं ते मला माहीत आहे.

पण मी वेगळंच सुचवणार आहे. मी दिजोंला वाइनचं शिकतोय, बर्गंडीत. आयंडहोव्हनहून दोर्दोन्य हजारेक किलोमीटर आहे. आठवड्याच्या सुट्टीत जाऊन-येऊन दोन दिवस गाडीतच जाणार, आईंना घेऊन ते जड आहे. माझ्या भागात ऑक्स्वा नावाचा टापू आहे, दिजोंच्या पश्चिमेला, तुम्हाला सहा-सातशे किलोमीटर. तिथे शातोनफ-आं-ऑक्स्वा.

मोटरवेवरून जाताना डोंगराच्या सोंडेवर बुरूज दिसतात, तोच. खाली बर्गंडीचा कालवा आहे, २४२ किलोमीटरचा, १८३२ मध्ये पूर्ण झाला. कालव्याच्या काठी व्हांदनेस नावाचं छोटं गाव, तिथे बोटी बांधलेल्या असतात आणि पाण्यात वरचा किल्ला दिसतो. गाडी तिथे ठेवायची. कालव्याच्या काठाने थोडं चालायचं, मग शेतांच्या मधून वर शातोनफला, गावातून फिरून दुसऱ्या वाटेने खाली, आणि पाँतिये तलावाकडून परत. किती मोठी फेरी करायची ते तुमच्या हातात आहे, सात-आठ किलोमीटरचीही होते आणि बाराचीही. चढ शंभरेक मीटर, एकाच ठिकाणी.

शेतीचं सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. हा द्राक्षांचा भाग नाही, द्राक्षं पूर्वेच्या उतारावर आहेत. इथे गवताची कुरणं आणि शारोले जातीची पांढरी गुरं. कुरणांना कुंपण म्हणजे जिवंत झाडांची दाट रांग, करवंदीच्या जाळीसारखी. वर्षानुवर्षं छाटून छाटून जाड केलेली. आपल्या बांधावर जे काम आपण करायचं टाळतो ते हे लोक नेमाने करतात. ऑक्टोबरात गुरं अजून बाहेर असतात. कुरणातून वाट जात असेल तर फाटक जसं होतं तसं परत लावा, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. वासरू आणि गाय यांच्या मधे जाऊ नका. पांढरी आहेत म्हणून शांत असतील असं नाही.

शातोनफचा किल्ला पंधराव्या शतकात फिलिप पो या सरदाराला मिळाला. त्याची समाधी लूव्रमध्ये आहे, काळे झगे घातलेली आठ माणसं खांद्यावर त्याला वाहून नेताहेत अशी. पॅरिस बघून झालंय म्हणालात, तर आईंनी बहुतेक ती बघितलीही असेल.

गडमाची

पोरा, छान लिहिलंस. शातोनफ माझ्याही आवडीचं आहे. पण तिथे एकच किल्ला. दोर्दोन्यमध्ये चार आहेत आणि ते एकमेकांकडे बघताहेत. ती बरोबरी होत नाही.

पोरगं_नाशिकचं

दादा, मान्य. पण सदुसष्ट वर्षांच्या बाईला बारा तास गाडीत बसवून चार किल्ले दाखवायचे, की सात तासांत एक? तिथे त्यांना पूर्ण फेरी मारता येईल, गाडीने पुढे जाऊन थांबायला नको.

मेधा_नांत

आता मी म्हटलं होतं लुआर, तर कुणी ऐकत नव्हतं. :)

आयंडहोव्हनवासी

मेधाताई, लुआर पुढच्या वर्षी सायकलने, वचन.

नवऱ्याशी बोलले. तो म्हणतो दोन्ही. जाताना बर्गंडीत मुक्काम करायचा, शातोनफची छोटी फेरी आईसोबत सगळ्यांनी मिळून, आणि मग पुढे दोर्दोन्यला. वळसा पडतो, पण एका दिवसात हजार किलोमीटर नाही. हे वेडेपणाचं आहे का? आईला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही ठरवा, मला अक्रोड हवेत."

गडमाची

वेडेपणाचं नाही, मी तरी असंच केलं असतं. बर्गंडीहून क्लेरमों-फेराँ, मग ब्रीव, मग सार्ला. मधला डोंगराळ भाग सुंदर आहे, पण दुपारी निघू नका. ऑक्टोबरच्या मध्याला साडेसातच्या आत अंधार पडतो आणि सकाळी सव्वाआठपर्यंत उजाडत नाही. चालायच्या दिवशीही हाच हिशोब धरा. नऊला निघा, दुपारी चारला नदीकाठी असा.

दोर्दोन्यमध्ये दुसरा दिवस मिळाला तर आईंसाठी मार्केसाकच्या बागा. एका कड्याच्या धारेवर दीड लाख बॉक्सवूडची झुडपं गोल गोल कापलेली, वाटा बऱ्यापैकी सपाट, आणि टोकाला गेल्यावर खाली ला रोक-गाजाक गाव आणि नदी. तिकीट आहे, पण एवढं एक काढा. ला रोक-गाजाकला सपाट बुडाच्या बोटी आहेत, पूर्वी त्यातून पिंपं बनवायचं लाकूड बोर्दोकडे जायचं, आता पर्यटक जातात. त्याच गावावर १९५७ च्या जानेवारीत कडा कोसळला होता. वर बघितलंत की खूण कळते.

कालव्यात, म्हणजे नदीत, बेनाकजवळ काँक्रीटचे खांब दिसले तर चक्रावू नका. गावाला वळसा घालणारा रस्ता बांधायला घेतला होता, २०१८ च्या शेवटी देशातल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने काम थांबवलं. गावात उन्हाळ्यात गाड्यांची कोंडी होते हे खरं आहे. पण शतकानुशतकं समोरासमोर उभ्या किल्ल्यांच्या मधोमध पूल घालायची कल्पना कुणाला सुचली असेल देव जाणे. माझं मत स्थानिक दुकानदारांना सांगू नका, तिथे यावरून घरं फुटली आहेत.

उंडारू

"कालव्यात, म्हणजे नदीत". गडमाची, बर्गंडीने तुमच्यावर परिणाम केला.

सदूकाका

कास्तेलनोची वेळ आधी बघून घ्या. ऑक्टोबरात किल्ले लवकर बंद होतात. त्या दिवशी चालून दमल्यावर आत जायचं झालं तर जमणार नाही. मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी न्या.

फोडणी

बर्गंडीतही आईंसाठी एक आहे. ऑक्स्वाच्या उत्तर भागात फ्लाविन्यी गाव, तिथल्या जुन्या मठात बडीशेपेच्या गोळ्या बनतात. मधे बडीशेपेचा एक दाणा आणि वर साखरेचे थर चढवलेले. पूर्ण शाकाहारी. बाकी बर्गंडी म्हणजे गोगलगायी आणि वाइनमध्ये शिजवलेलं गोमांस, तिथे आईंना पिठलंच बरं. राहायची जागा स्वयंपाकघरासह घ्या.

आयंडहोव्हनवासी

घेतली! दोन्हीकडे "जीत", म्हणजे भाड्याचं सुट्टीघर, बुक केलं. एका ठिकाणी लिहिलंय चादरी नाहीत. म्हणजे काय, गाद्या तरी आहेत ना?

मेधा_नांत

गाद्या-उशा असतात, चादरी, अभ्रे आणि टॉवेल बहुतेक ठिकाणी भाड्यात नसतात. घरून न्या किंवा त्यांच्याकडून वेगळे पैसे देऊन घ्या. निघताना झाडून-पुसून द्यायचं, नाहीतर स्वच्छतेचे पैसे कापतात. गॅस की विजेची शेगडी ते विचारून घ्या, इंडक्शन असेल तर तुमचा ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही. आणि पोळपाट-लाटणं न्या, वाइनच्या बाटलीने पोळ्या लाटता येतात पण आईंना ते खपणार नाही.